पहिलं सोडून बाकीची चार

कोल्हापुरात धमकीला कोणी धमकी म्हणत नाही. जेवायला हाक मारतानाही आई "येतोस का तंगडं मोडू?" म्हणते आणि पोरगं हसत येऊन ताटावर बसतं. जुना मित्र रस्त्यात भेटला की आधी "मुडदा बशिवला तुझा, हुतास कुठं?" आणि मग मिठी. हे सगळं धमकीत धरायचं ठरवलं तर निम्मं गाव कळंब्याच्या तुरुंगात बसेल आणि उरलेलं निम्मं त्यांना डबा पोचवायला जाईल.

त्यामुळे खरी धमकी कुठली आणि तोंडाची वाफ कुठली, हे ओळखायचं आमच्या शाळेत एक शास्त्र होतं. ते फक्त हंबीरराव सरांना येत होतं. सर मुख्याध्यापक. तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यामुळे कान चुरगळलेले आणि मान खांद्यात बसलेली. त्यांचं शास्त्र तीन प्रश्नांचं. पोरानं हत्याराचं नाव घेतलं का? नुसतं "मारीन" म्हणणारा मारत नाही, कशानं मारायचं हे ज्यानं ठरवलंय त्याच्यावर नजर ठेवायची. दुसरा प्रश्न, चारचौघांत बोलला की एकटं गाठून? चारचौघांत बोलला तर राग, एकटं गाठलं तर डाव. आणि तिसरा, सगळ्यात वजनाचा: जोतिबाचा गुलाल मुठीत घेऊन "परत हात उचलणार नाही" असं म्हणतो का?

गुलाल सरांच्या कपाटात स्टीलच्या डब्यात असायचा. दर रविवारी ते डोंगरावर जायचे, तेव्हा भरून आणायचे. दोन्ही पोरं समोर, दोघांचे बाप समोर, मुठीत गुलाल, एक वाक्य, मग एकमेकांच्या कपाळाला लावायचा आणि वर्गात जायचं. पोलीस नाहीत, दाखल्यावर शेरा नाही. खरं सांगते, मी त्या पद्धतीला हसणार नाही. गुलाल उचलून शब्द मोडायची छाती त्या काळी भल्याभल्यांना नव्हती, आणि सरांच्या त्या डब्यानं बरीच डोकी फुटायची वाचवली होती.

माझ्या वेळेला मात्र गाडं अडलं.

साल सत्त्याण्णव. मी दहावीत. माझं नाव दीक्षा गणपती कांबळे. बौद्धाच्या घरात गणपती कसा, असं लोक विचारायचे. बाबा जन्मले तेव्हा घर अजून बौद्ध झालेलं नव्हतं. पुढं धर्म बदलला, नाव राहून गेलं. विहारात सगळे त्यावरून चेष्टा करायचे आणि बाबाही त्यात हसून भर घालायचे. ते एसटीत कंडक्टर होते. आई त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात काविळीनं गेली, बघता बघता गेली, आणि फुलेवाडीच्या टोकाला असलेल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं उरलो. पलीकडं ऊस होता आणि दगड रोवलेले रिकामे प्लॉट.

बाबांची ड्यूटी मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी बाजारभोगावला जायचं, रात्री गाडी तिथंच थांबायची, सकाळी पहिली फेरी घेऊन परत यायचं. आठवड्यातले निम्मे दिवस असे. त्या दिवशी मी घरात एकटी. आई गेल्यावर बाबांनी दिवसाची ड्यूटी मागितली होती. डेपोत म्हणाले, बघू. त्यांचं बघणं काही संपलं नाही.

दुसरा मार्ग होता आक्काताईचा. आक्काताई बाबांची थोरली बहीण, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात राहायची. तिथं शाळा सातवीपर्यंत. आणि आक्काताईच्या घरात पोरगी वयात आली की तिची पुस्तकं माळ्यावर जायची आणि तिचा फोटो पावण्यांच्या घरी. बाबा मला म्हणाले होते, "एकटीला भ्या वाटाय लागलं तर सांग पोरी. मग काय इलाज न्हाय, आक्काकडं ठेवतो." त्याच क्षणी मी ठरवलं की मला भीती वाटत नाही. मला दहावी व्हायचं होतं, त्याच्या पुढंही शिकायचं होतं, आणि पन्हाळ्याखाली जाऊन कुणाची तरी सून व्हायची माझी तयारी नव्हती.

आता कृष्णातचं सांगते. तो माझ्याच वर्गात होता. त्याचे वडील केरबा, फुलेवाडीतलेच, म्हशी राखणारे. संध्याकाळी ते गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन जात आणि कृष्णात सायकलवरून घरोघरचा रतीब घाले. आमच्याकडं पण तोच यायचा. आधी दूध ओतताना "बाबा न्हाईत व्हय?" असं विचारायचा. मग विचारायचं बंद झालं, कारण कुठल्या दिवशी नसतात ते त्याला पाठ झालं. मग त्या दिवशी तो अंधार पडल्यावर परत यायला लागला. दारावर थाप पडायची. "उघड की. माप ऱ्हायलंय माझं." माप राहिलेलं नसायचं. मी कडी लावून दाराला पाठ टेकून बसायचे आणि तो जाईपर्यंत हलायचे नाही.

एकदा त्यानं दाराशेजारच्या खिडकीच्या गजातून हात आत घातला आणि कडी चाचपायला लागला. कोपरापर्यंत आत आलेला तो हात मी बघत राहिले. भाजी चिरायची इळी हाताच्या अंतरावर होती, पण माझ्यानं उठवलं नाही. रस्त्यावर कुणाची तरी मोटरसायकल आली तसा तो गेला.

रात्री उठवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत उठले. सगळा वर्ग डबे खात होता. मी त्याच्या बाकासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "परत जर हात पुढं केलास तर मनगटापासनं उतरवीन. इळी धार लावून ठेवलीया." कृष्णातचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "मी काय केलं?" असं तो सगळ्यांकडं बघत म्हणाला. मी वळून माझ्या बाकावर आले. काय सांगणार? सांगितलं असतं तर फुलेवाडीच्या शेवटच्या घरात आठवड्यातले निम्मे दिवस एक पोरगी एकटी असते, हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला कळलं असतं. एका हातानं माझी झोप गेली होती. आणि ते बाबांच्या कानावर गेलं असतं तर आक्काताई होतीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो.

पण एक झालं. त्या दिवसापासून कृष्णात आला नाही. दूध घालायला स्वतः केरबा यायला लागले. बाबा नसले तरी मला झोप लागायला लागली. दाराची कडी तशीही ढिलीच होती, माझी खरी कडी ती धमकी होती.

आणि नेमकी तीच काढून घ्यायला शाळा निघाली.

वर्गशिक्षकांच्या कानावर गेलं, तिथून हंबीरराव सरांच्या. केरबांनाही बोलावलं. ते बिचारे पायातलं पायताण बाहेर काढून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पोरगं त्या बाजूला दूध घालाय जायला भ्यालंय. काय झालंय तेबी सांगंना." सरांनी मला समोर घेतलं आणि आपलं शास्त्र लावलं.

"कशानं मारणार म्हणालीस?"

"इळीनं."

"कुटं म्हणालीस?"

"वर्गात. समद्यांसमोर."

"एक तुझ्याकडनं, एक त्याच्याकडनं," सर म्हणाले, जणू कुस्तीचे गुण मोजतायत. त्यांनी डबा काढला, झाकण उघडलं. "घे. म्हण, परत असं बोलणार न्हाय आणि हात उचलणार न्हाय."

"मी न्हाय घेणार."

"का?"

मी खाली बघत उभी राहिले. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग टेबलावरच्या हजेरीत माझं नाव बघितलं, आणि अडलेलं गणित सुटल्यासारखा त्यांचा चेहरा सैल पडला. "हां. कांबळे. तुमच्यात चालत न्हाय." मग जरा विचार करून, "पण गेल्या साली प्रसेनजीतनं घेतला की."

प्रसेनजीत आमच्याच विहारातला, आणि त्यानं घेतला होता हे खरं. शपथ घेऊन, कपाळाला लावून घेऊन तो शांतपणे बाहेर आला होता आणि नळाखाली डोकं धरून त्यानं सगळा गुलाल धुऊन टाकला होता. वर "शपथ आत गेली, रंग भाईर ऱ्हायला" असं आम्हाला सांगितलं होतं. त्याला भांडण मिटवायचंच होतं. माझी अडचण रंगाची नव्हतीच. माझं म्हणणं एवढंच होतं की तो परत आला तर मी मारणार आहे, आणि मारणार नाही असं मी कुठल्याही देवाच्या किंवा माणसाच्या नावानं म्हणणार नाही.

पण सरांना उत्तर मिळालं होतं. ज्याला उत्तर मिळालं तो परत कशाला विचारतोय? "का" हा प्रश्न त्या खोलीत एकदाच आला आणि गेला. सरांनी वर्गशिक्षकांना सांगितलं, "शपथ न्हाय तवर धमकी हुबी हाय. तवर ही येगळी बसंल."

मला चित्रकलेच्या खोलीत बसवलं. चित्रकलेचे सर निवृत्त झाले होते, जागा भरली नव्हती, त्यामुळे खोली रिकामीच होती. कपाटावर मातीची फळं होती, एक हात तुटलेला प्लास्टरचा पुतळा होता आणि सगळ्यावर धूळ. भिंतीपलीकडं माझाच वर्ग. भूमितीचे सर शिकवायचे ते अर्धं ऐकू यायचं, फळ्यावर काय काढलंय ते दिसायचं नाही. मी अंदाजानं आकृत्या काढायचे. सगळे एकदम हसले की मलाही हसू यायचं आणि मग आपण कशाला हसलो ते न कळून फार वाईट वाटायचं. इतकी एकटी मी घरातसुद्धा नव्हते. घरात निदान बाहेरच्यांना माहीत नव्हतं की मी एकटी आहे.

पाचवीपासून माझ्या बाकावर आदिती बसायची. गुळाचे व्यापारी आप्पासो, त्यांची मुलगी, जैन. तिच्या डब्यात कांदा नसायचा आणि माझ्या डब्यात कांद्याशिवाय काही नसायचं, तरी आम्ही सहा वर्षं एकत्र जेवलो. आता तिला तिच्या आईनं ताकीद दिली होती. पाणी प्यायला जाताना ती चित्रकलेच्या खोलीवरून जायची आणि मान समोर ठेवायची. एक दिवस मात्र ती दारात थांबली.

"तू खरंच मारणार हुतीस?" तिनं विचारलं.

"व्हय."

तिनं पुढचं विचारावं म्हणून मी मनातल्या मनात तिच्या पाया पडत होते. एका माणसानं एकदा विचारलं असतं तर मी सगळं सांगून मोकळी झाले असते. पण आदिती भल्या घरातली पोरगी, तिला खरं उत्तर मिळाल्यावर तिथं थांबणं बरं वाटेना. ती गेली.

मग बाबांना बोलावलं. ते डेपोतून थेट आले, खाकी कपड्यांत, खांद्याला चामड्याची पिशवी. मला वाटलं, झालं, आता सगळं संपलं. सरांनी त्यांना इळीचं सांगितलं, पण त्याच्यावर जास्त वेळ घालवला नाही. गुलालाचंच सांगत बसले. मी बाबांच्या चेहऱ्याकडं बघत होते. आई गेल्यापासून त्या चेहऱ्यावर काही उमटतच नव्हतं. आता तो हळूहळू उजळत गेला. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझं नाव गणपती ऱ्हायलं, पण तू खरी दीक्षा निघालीस," असं म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले.

"बाबा, तसं न्हाय," एवढं मी म्हणाले.

"असू दे, असू दे. घाबरू नगंस. आपण काय मेलो न्हाय."

त्या संध्याकाळी बाबांनी स्वतः भाकरी थापल्या, जाड आणि वाकड्या, आणि मला गरम गरम वाढल्या. तुझी आई असती तर, तुझी आई असती तर, असं किती वेळा म्हणाले. त्यांना इतक्या महिन्यांनी अन्न गोड लागत होतं. ते मी कसं काढून घेऊ? मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

विहारात बातमी पोचायला वेळ लागला नाही. तिथं बुद्धभूषणकाका होते, बँकेत नोकरीला, लिहिण्याबोलण्यात पुढं. त्यांनी रविवारी वंदनेनंतर मला सगळ्यांसमोर उभं केलं. "शाळा गुलालाची सक्ती करते आणि आपली एक पोरगी एकटी नाही म्हणते," असं म्हणाले. टाळ्या वाजल्या. शेजारी उभ्या असलेल्या शालूबाईंनी माझी अला-बला घेतली, बोटं कानशिलावर मोडली. काकांचं म्हणणं चूक होतं असं नाही. कुणाच्या पोराला कुणाच्या देवाची शपथ घालायचा शाळेला काय अधिकार? ते शंभर टक्के बरोबर बोलत होते. फक्त ते माझ्याबद्दल बोलत नव्हते. टाळ्यांच्या मधोमध मी उभी होते आणि चित्रकलेच्या खोलीत होते तशीच एकटी होते.

बुद्धभूषणकाका चारपाच जणांना घेऊन शाळेत गेले. हंबीरराव सर आडदांड दिसले तरी मनानं सरळ होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चुकलं आमचं. ध्यानातच आलं न्हाय. तिला तुमच्यात जे चालतं ते म्हणू द्या. मला शब्द पायजे, रंग न्हाय." मग सगळ्यांना सोयीचा दिवस ठरला.

त्या दिवशी सरांच्या खोलीत खुर्च्या पुरेनात. केरबा आणि कृष्णात एका बाजूला, बाबा आणि बुद्धभूषणकाका दुसऱ्या बाजूला, वर्गशिक्षक दाराशी. काकांनी सरांना समजावून सांगितलं की आमच्यात पंचशील म्हणतात, पाच वचनं असतात, आणि पहिलंच वचन असं की मी कुठल्याही जिवाची हिंसा करणार नाही. सर खूश झाले. "मग हे तर आमच्यापरीस कडक हाय. आमच्यात नुसतं एकाला मारणार न्हाय म्हणत्यात."

आधी कृष्णातची पाळी. त्यानं डब्यातून गुलाल उचलला, मूठ मिटली. सर सांगतील तसं म्हणाला, "मी दीक्षावर डूख धरणार न्हाय आणि हात उचलणार न्हाय." त्याला काहीच जड गेलं नाही. कसं जाईल? त्याला जे म्हणायला लावलं त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग सगळे माझ्याकडं वळले. बाबांनी हात जोडले, काकांनी जोडले, ते बघून केरबांनीही जोडले. मी पुढं होऊन उभी राहिले. तोंडातून शब्द आला नाही. रोज संध्याकाळी म्हणते ते, झोपेतसुद्धा म्हणेन ते. बाबांना वाटलं, इतक्या माणसांत पोरगी गडबडली. ते हळूच, मला आधार म्हणून, स्वतः सुरू झाले, "पाणातिपाता वेरमणी..."

"बाबा, मला पाठ हाय," मी म्हणाले. "पण पहिलं मी म्हणणार न्हाय. ते सोडून बाकीची चार म्हणते."

बुद्धभूषणकाका गोंधळले. "अगं, पहिल्यासाठी तर आलोय आपण."

"खोटं हुईल ते. ह्यो परत आमच्या दाराला आला तर मी मारणार हाय."

मला वाटलं, आता सगळे ओरडतील. हंबीरराव सर मात्र माझ्याकडं एकटक बघत होते, आखाड्यात समोरचा गडी पाय कुठं टाकतोय ते बघावं तसं. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "कवा आला हुता दाराला?"

"बाबा मुक्कामाला असले की यायचा. अंधार पडल्यावर. थापा मारायचा. एकदा खिडकीतनं हात घालून कडी काढत हुता."

हे मी बाबांकडं न बघता बोलले. सर कृष्णातकडं वळले. त्याची मूठ अजून मिटलेलीच होती. "तसाच ऱ्हा," सर म्हणाले. "गुलाल हातातच हाय. आता म्हण, मी हिच्या दाराला गेलो न्हाय."

कृष्णातनं तोंड उघडलं. बापाकडं बघितलं. मग त्याची मूठ आपोआप सुटली आणि सगळा गुलाल फरशीवर सांडला.

केरबांनी त्याला मारलं नाही. ते नुसते खाली बसले, भिंतीला धरून. "सर," त्यांनी विचारलं, "मग हे आदी का न्हाय इचारलं?" सरांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसेना, परत लावलं. बाबा जागचे हलले नव्हते. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. ते त्यांनी खाली घेतले आणि बुद्धभूषणकाकांना म्हणाले, "काका, पहिलं मला बी आज म्हणता यायचं न्हाय."

पुढचं थोडक्यात सांगते. केरबांनी कृष्णातचा दाखला काढला आणि त्याला इचलकरंजीला मामाकडं पाठवलं. शाळेनं मला वर्गात घेतलं. आदिती परत माझ्या शेजारी आली, पण आम्ही दोघी एसटीतल्या दोन पॅसेंजरांसारख्या बसायचो, कोपर लागू न देता. विहारात टाळ्या परत वाजल्या नाहीत. बायका प्रेमानं वागायच्या, पण मी आले की बोलणं बदलायच्या, आणि शालूबाई मला बघून नुसत्या चक् चक् करायच्या. आधी मला कोणी ओळखत नव्हतं म्हणून मी एकटी होते, आता सगळे ओळखत होते म्हणून. हंबीरराव सरांनी तो डबा पुढं वापरला की नाही मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की कोणी धमकी दिली की ते दोघांना वेगवेगळं बसवून दार लावायचे आणि बराच वेळ बाहेर यायचे नाहीत.

बाबांनी मला आक्काताईकडं पाठवलं नाही. मी पेटी भरून बसले होते, तर म्हणाले, "ठेव ती. दप्तर घे." डेपोत अजून बघूच चाललं होतं. म्हणून मुक्कामाच्या दिवशी बाबा मलाच गाडीत घेऊन जायला लागले. शाळा सुटली की मी स्टँडवर जायचे, कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसायचे, बाबा सगळ्यांबरोबर माझंही तिकीट फाडायचे. बाजारभोगावात गाडी थांबली, माणसं उतरून गेली की मी आतल्या दिव्याखाली अभ्यास करायचे. सकाळी पहिल्या फेरीनं परत. आमच्या ड्रायव्हरचं नाव गुंडूमामा, ते मला बघून म्हणायचे, "एसटीत दहावी करणारी तू पहिलीच."

पहिल्याच संध्याकाळची गोष्ट. गाडी गावात लागली होती, बाबा समोरच्या टपरीवर चहा आणायला उतरले होते. मी पुस्तक उघडून बसले होते. गुंडूमामांनी मला भाकरी आणली आणि दोन्ही हात गुंतलेले म्हणून कोपरानंच गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

मला भान आलं तेव्हा मी गाडीच्या तळावर होते. दोन सीटांच्या मधून सरकत जाऊन गाडीच्या दाराला पाठ लावून बसले होते, दोन्ही पाय समोरच्या लोखंडी दांडीला रोवून, श्वास धरून. पुस्तक कुठं पडलं ते आठवत नाही. बाहेरून गुंडूमामा "काय झालं गं?" म्हणत होते. आणि दाराच्या काचेतून बाबा बघत होते, हातात चहाचे ग्लास. सरांच्या खोलीत त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण ते शब्द होते. आता ते बघत होते. त्यांनी दार उघडायचा प्रयत्न केला नाही. ग्लास खाली मातीत ठेवले, दारापासून चार पावलं मागं गेले आणि तिथून हाक मारली, "दीक्षा. मी हाय गं. बाबा." मी उठून दार उघडेपर्यंत ते तिथंच उभे राहिले आणि रडत राहिले.

मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, साताऱ्याला घर केलं. दाराला चांगली कडी आहे, बेल आहे. बाबा जिवंत होते तोवर दर दिवाळीला यायचे, पण त्या बेलला त्यांनी कधी हात लावला नाही. कोपऱ्यावर रिक्षातून उतरायचे आणि तिथूनच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, हाका मारत यायचे. दीक्षा, मी हाय गं, बाबा. शेजारी हसायचे. म्हातारा कोल्हापूरचा आहे, मोठ्यानं बोलायची सवय आहे, असं मी त्यांना सांगायचे.